पान्याने न उघडणारे कुलूप

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात होती. हैदराबाद रोडवर अब्बांचे गॅरेज आहे. आता ते माझा धाकटा भाऊ चालवतो. मी मास्तरकी करतो, पण गावी गेलो की तास-दोन तास तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसतो. त्या दिवशी कांद्याची वाहतूक करणारे एक अण्णा आपली पिकअप दुसऱ्या गाडीला बांधून ओढत घेऊन आले. गाडी धूर सोडत होती, चढाला दम टाकत होती. भावाने तपासले. तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर गळत होता. दुपारपर्यंत त्याने नवा इंजेक्टर आणून बसवला. नावाजलेल्या कंपनीचा, पक्क्या बिलाचा. काम स्वच्छ झाले. गाडी सुरू झाली आणि जागच्या जागी थरथरू लागली.

कारण साधे होते. आजकालच्या डिझेल गाडीत प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. इंजेक्टर बदलला की तो कोड गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, नोंदवावा लागतो. तेव्हाच किती डिझेल सोडायचे याचा हिशेब जुळतो. भावाकडे स्कॅनर आहे. त्याने दोष वाचता येतो, पण या गाडीत नवा कोड लिहिता येत नाही. लिहिण्याची परवानगी कंपनीच्या उपकरणाला आहे, आणि ते उपकरण कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच मिळते.

अण्णांनी गाडी तिकडे नेली. तिथे सांगण्यात आले, बाहेर उघडलेल्या इंजिनची जबाबदारी आम्ही घेत नाही. चारही इंजेक्टर आमच्याकडून बदलून घ्या. पाच मिनिटांच्या कामासाठी त्यांना लाखाच्या घरातले बिल आले आणि ऐन हंगामात चार दिवस गाडी उभी राहिली. आठवड्याने ते भावाची राहिलेली मजुरी द्यायला आले. माणूस सज्जन. रागावले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "मिस्त्री, आता हे तुमच्याकडून होत नाही वाटतं."

भावाने मान खाली घातली. पंचवीस वर्षांत त्याला असे कोणी म्हटले नव्हते. रात्री जेवताना तो म्हणाला, "भाई, अब पाना चलता नै. पासवर्ड चलता."

हा लेख त्या वाक्यावर आहे.

कुलूप कोणी लावले?

आमच्या अब्बांनी वयाच्या अकराव्या वर्षी उस्तादांच्या हाताखाली काम सुरू केले. पेचकसचे एक टोक इंजिनला आणि दुसरे कानाला लावून ते बेअरिंग गेले की टॅपेट वाजतोय हे सांगत. "गाडी बोलती रे, सुननेवाला होना," हे त्यांचे नेहमीचे. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे करून ते बंद पडलेली गाडी चालती करत. ही विद्या खोटी नव्हती. तिच्यावर आमचे घर चालले आणि माझे बी. एड. झाले.

मग गाडी बदलली. २०१७ च्या एप्रिलपासून देशभर बीएस-४ आले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. दुचाकीचा कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी सेन्सर आणि फ्युएल इंजेक्शन आले. डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारे फिल्टर आले. मोठ्या ट्रकला युरियाचे द्रावण लागू लागले. हवा स्वच्छ व्हावी म्हणून हे झाले आणि ते व्हायलाच हवे होते. हैदराबाद रोडच्या धुरात ज्यांची फुप्फुसे काळी झाली, त्यात सगळ्यात पुढे आमचेच मिस्त्री आहेत. त्यामुळे जुने दिवस परत आणा, असे मी म्हणत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. गाडीत संगणक आला, म्हणजे गाडी फक्त कंपनीलाच दुरुस्त करता आली पाहिजे, असा काही निसर्गनियम नाही. स्टिअरिंगखाली जे ओबीडीचे सॉकेट असते, त्याचा आकार आणि प्रदूषणाशी संबंधित दोषांचे कोड सगळीकडे सारखे आहेत, कारण कायद्याने तसे करायला लावले. इंजेक्टरचा कोड लिहिणे, नवी चावी जोडणे, एबीएसचे युनिट बदलल्यावर त्याची ओळख करून देणे, हे मात्र बंद आहे, कारण कायद्याने ते उघडायला लावले नाही. जिथे सक्ती झाली तिथे दार उघडले. जिथे झाली नाही तिथे कुलूप लागले. हे कुलूप तंत्रज्ञानाने लावलेले नाही. ते धंद्याच्या हिशेबाने लावलेले आहे. गाडी एकदा विकली जाते, दुरुस्ती पंधरा वर्षे चालते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या भारतीय उद्योगाची उलाढाल २०२३-२४ मध्ये सहा लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली, आणि त्यातला दुरुस्तीच्या बाजारात जाणारा वाटाच नव्वद हजार कोटींच्या वर आहे. एवढ्या मोठ्या ताटावर कोण बसणार, हा खरा प्रश्न आहे.

हे मी एकटा म्हणत नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की कार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना दोषी धरून एकूण २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडापेक्षा आदेश महत्त्वाचा होता. सुटे भाग आणि उपकरणे बाहेरच्या गॅरेजला मिळाली पाहिजेत. भाग बनवणाऱ्या कारखान्यांना ते खुल्या बाजारात विकता आले पाहिजेत. आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

ही शेवटची ओळ मी आमच्या गल्लीतल्या दहा गॅरेजवाल्यांना वाचून दाखवली. दहापैकी एकालाही ती माहीत नव्हती. ग्राहकाला तर नाहीच नाही. दरम्यान कंपन्या अपिलात आणि न्यायालयात गेल्या, अकरा वर्षे उलटली. आयोगाने उघडायला सांगितलेले दार भावाच्या गॅरेजपर्यंत आजही उघडलेले नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे तिचे विषय होते. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू झाले. पोर्टलवर कंपन्यांनी आपली माहिती टाकावी, एवढीच अपेक्षा. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये वाहन दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला. युरोपीय संघात कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना द्यावीच लागते, तीही वाजवी शुल्कात. म्हणजे याच कंपन्यांचे जगातले भाऊबंद तिकडे जे निमूट देतात, तेच इकडे देताना त्यांना सुरक्षिततेची आठवण होते.

"रस्त्यावरचा मिस्त्री अडाणी आहे"

कंपन्यांचा मुख्य बचाव हा आहे. अप्रशिक्षित माणसाच्या हातात ही उपकरणे दिली तर ग्राहकाचा जीव धोक्यात येईल. वर नकली सुटे भागही तोच वापरतो.

मला हा युक्तिवाद उडवून लावता आला असता तर बरे वाटले असते. पण मी गॅरेजमध्येच वाढलो. त्यातले खरे काय आणि खोटे काय, दोन्ही मला ठाऊक आहे.

खोटे असे की सगळा बाहेरचा माल नकली. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जो माल मिळतो, त्यात चार-पाच जाती असतात. एकच कारखाना ऑइल फिल्टर बनवतो. तो गाडीच्या कंपनीच्या डब्यात गेला की एक भाव, कारखान्याच्या स्वतःच्या डब्यात आला की कमी भाव. माल तोच. त्याखाली 'लोकल', म्हणजे दुसऱ्या छोट्या कारखान्याने स्वतःच्या नावाने बनवलेला. तो स्वस्त असतो, टिकाऊपणा कमी असतो, पण तो कोणाच्या नावावर खपत नाही. मग 'सेकंड', म्हणजे जुन्या गाडीतून काढलेला. आणि शेवटी 'डुप्लिकेट', म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा डबा छापून आत भंगार भरलेला. पहिले चार प्रकार धंदा आहेत. पाचवा गुन्हा आहे. कंपन्या पाचव्याचे नाव घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्यालाही बदनाम करतात.

खरे असे की हा पाचवा प्रकार आमच्याच दुकानांतून विकला जातो. ब्रेक शू डुप्लिकेट आहे हे ठाऊक असूनही 'ओरिजिनल आहे साहेब' म्हणून बसवणारे हात मी पाहिले आहेत. वापरलेले ऑइल गाळून पुन्हा कॅनमध्ये भरणारेही पाहिले आहेत. शुक्रवारी दुकान बंद करून पहिल्या रांगेत उभे राहणारेही त्यात होते. मदिनेच्या बाजारातला तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो. धान्याच्या ढिगात प्रेषितांनी हात घातला, आतले धान्य ओले निघाले. लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे सांगून टाकले. आपण हा प्रसंग बयानात ऐकतो, डोळे ओले करतो आणि सोमवारी डबा बदलतो. ज्या दिवशी एका गॅरेजवाल्याने डुप्लिकेट ब्रेक शू विकला, त्या दिवशी त्याने कंपनीच्या वकिलाच्या हातात पुरावा दिला आणि शेजारच्या दहा प्रामाणिक गॅरेजवाल्यांचा हक्क मारला.

बिलाचेही तसेच. बरीच वर्षे अनेक सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. "बिल नको, थोडं कमी करा," असे ग्राहकच म्हणे आणि आपणही खुशीने मान डोलावत असू. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के कर आहे. निदान आता तरी ही सवय सोडायला हवी. बिल नाही म्हणजे वॉरंटीचा दावा नाही, बँकेला दाखवायला उलाढाल नाही आणि ग्राहक मंचात उभे राहायला कागद नाही. अण्णांच्या प्रकरणात भावाकडे इंजेक्टरचे बिल होते, म्हणून निदान भाग नकली असल्याचा आरोप त्याच्यावर आला नाही.

हुनराचा अभिमान आणि त्याची किंमत

आता आपल्या माणसांशी थोडे बोलतो. इतरांनीही ऐकायला हरकत नाही.

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले, की मुस्लिम कामगारांत स्वतःचा धंदा करणारे सुमारे ६१ टक्के आहेत. हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होते. मुस्लिमांचा सहभाग जिथे ठळक आहे अशा धंद्यांत किरकोळ आणि घाऊक व्यापार, रस्ते वाहतूक यांच्याबरोबर वाहन दुरुस्तीचे नाव होते. त्याला समितीच्या अहवालाची गरज नव्हती म्हणा. कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे जा. वेल्डर, डेंटर, पेंटर, ऑटो इलेक्ट्रिशियन, सीट कव्हरवाला, पंक्चरवाला, सगळे आपलेच. नोकरी मिळाली नाही, भांडवल नव्हते, तेव्हा या धंद्याने आपल्याला उभे केले. धर्म न विचारता अर्ध्या रात्री ट्रक दुरुस्त करून देणारा मिस्त्री, ही आपली गावातली ओळख होती. मध्यंतरी 'अमुक लोकांच्या गॅरेजात गाडी देऊ नका' असे संदेश मोबाइलवर फिरले. आमच्या रोडवर त्याने फार फरक पडला नाही. ज्याची गाडी बंद पडली आहे त्याला नाव वाचायला वेळ नसतो. बहिष्काराला हा धंदा पुरून उरला. सॉफ्टवेअरला उरेल का, ही मला चिंता आहे, कारण सॉफ्टवेअरला कोणाचा द्वेष करावा लागत नाही. ते फक्त 'परवानगी नाही' एवढेच दाखवते.

आणि इथे आपण काय करतो आहोत? सभेत टाळ्या कोणत्या वाक्याला पडतात, आठवून पाहा. 'आमच्या पोरांना डिग्रीची गरज नाही, त्यांच्या हातात हुनर आहे.' मीही एकेकाळी टाळ्या वाजवल्या आहेत. आता ते वाक्य ऐकले की मला सातवीतून शाळा सोडून टायर उघडणारा पोऱ्या दिसतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हे सगळ्या उस्तादांना माहीत आहे. 'शिकतोय तो, कामाला नाही' हे त्यावरचे ठरलेले उत्तर. तो शिकतोही. पण आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला दहावी पास लागते. सातवीतून आलेला पोऱ्या विसाव्या वर्षी गिअरबॉक्स डोळे मिटून उघडतो, पण त्या वर्गाच्या दारात उभा राहू शकत नाही. स्कॅनरचा मेनू इंग्रजीत असतो. वायरिंगचा नकाशा वाचायला व्होल्ट, ओहम आणि साधे गणित लागते. कानाने ऐकू येणारी गाडी संपली. आता वाचावी लागणारी गाडी आली आहे, आणि आपण आपल्या पोरांना वाचायच्या आत वर्गातून उठवतो.

त्यात विजेच्या गाड्या आल्या. ऑइल नाही, फिल्टर नाही, प्लग नाही, क्लच प्लेट नाही, सायलेन्सर नाही. गॅरेजचा रोजचा गल्ला ज्या कामांवर चालतो, त्यातली निम्मी कामे या यादीत आहेत. ब्रेक, टायर, शॉकअप, बेअरिंग, बॉडी राहील. नवे येईल ते बॅटरी, कंट्रोलर आणि मोटारीचे काम. ते शिकता येण्यासारखे आहे. पंखे-मोटारी वाइंडिंग करणारे, टीव्ही दुरुस्त करणारे आपल्याच मोहल्ल्यात आहेत, त्यांना हे लवकर जमेल. पण लिथियमची बॅटरी अंदाजाने उघडण्याची वस्तू नाही. चूक झाली तर दुकान पेटते. इथे प्रशिक्षणाला पर्याय नाही, आणि 'हातात हुनर आहे' हे वाक्य इथे जिवावर बेतेल.

मागणी कोणाकडे, काम कोणाचे

सरकारने काय करावे, ते स्पष्ट आहे. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करावा. पोर्टल पुरेसे नाही. कोड लिहिण्याची, चावी जोडण्याची, युनिट बदलण्याची साधने नोंदणीकृत गॅरेजला वाजवी भाड्याने मिळाली पाहिजेत. सुरक्षिततेची काळजी असेल तर परीक्षा घ्या, परवाना द्या, चुकणाऱ्याचा परवाना काढून घ्या. आम्हाला परीक्षेची भीती नाही. परीक्षेलाच बसू न देण्याला आमचा विरोध आहे.

दुसरे, सरकारच्या यादीत मिस्त्रीला जागा द्या. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक धंदे आहेत. त्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी आहेत, कुलपे बनवणारा आहे. त्यांना अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज आहे. ते मिळायलाच हवे. पण उस्तादाकडून शागिर्दाकडे तीन-तीन पिढ्या चालत आलेला मोटार मेकॅनिकचा धंदा त्यात नाही. हात आणि अवजार यांवर जगणाऱ्यांत त्याची गणती का नसावी, याचे उत्तर कोणीतरी द्यावे.

आता आपले काम. पहिले, ज्यांना अनुभव आहे पण कागद नाही, त्यांच्यासाठी पूर्वानुभवाला मान्यता देणारी सरकारी परीक्षा आहे. थोडे प्रशिक्षण, चाचणी आणि प्रमाणपत्र. मोहल्ल्यात त्याची शिबिरे मागून घेता येतील. मशिदीच्या फलकावर आणि शुक्रवारच्या घोषणेत याला दोन ओळी मिळाल्या तर कोणाचे काही बिघडत नाही.

दुसरे, भांडवल. कंपनीच्या जवळ जाणारा, अनेक ब्रँडच्या गाड्यांवर चालणारा चांगला स्कॅनर एकट्या गॅरेजवाल्याला परवडत नाही. 'व्याज हराम आहे, कर्ज नको' असे म्हणणारे माझ्या माहितीत पुष्कळ आहेत आणि त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण त्यांच्यातल्याच काहींच्या दारात हप्त्यावर घेतलेली बुलेट उभी असते, तेव्हा मला प्रश्न पडतो. खरेच व्याज टाळायचे असेल तर एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम यांच्या भागीदारीचा मुदारबाचा रस्ता आपल्याच परंपरेत आहे. पाच गॅरेजवाल्यांनी एक स्कॅनर घ्यावा, वापराचा दर ठरवावा, हिशेब लिहावा. समाजात पैसा नाही असे कोणी म्हणू नये. जलशाच्या मंडपाला, कमानीला आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला पैसा निघतो. एका रात्रीच्या मंडपात एक स्कॅनर येतो.

तिसरे, दुकानात दराचा फलक. कंपनीच्या डब्यातला, कारखान्याच्या डब्यातला, लोकल आणि सेकंड, चारही भाव लिहा आणि ग्राहकाला निवडू द्या. डुप्लिकेट दुकानात ठेवूच नका. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्या. बिल द्या. अण्णा 'तुमच्याकडून होत नाही' म्हणाले, ते एका कोडपुरते. 'तुमच्यावर भरोसा नाही' असे ते म्हणाले नाहीत. ही ठेव आपल्याजवळ अजून आहे. ती गेली तर कायदा येऊनही उपयोग होणार नाही.

चौथे सगळ्यात अवघड आहे, कारण ते घरातले आहे. माझा पुतण्या आठवीत आहे. पोरगा चलाख, हात चालतो. गेल्या उन्हाळ्यात भाऊ म्हणाला, आता याला गॅरेजवर बसवतो, शाळेत वेळ वाया जातोय. आमचे भांडण झाले. मी मास्तरासारखे बोललो. तो म्हणाला, "भाई, तुम सीके, तुमना नौकरी लगी. हर कोई को लगती क्या?" त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. शिकलेल्या मुस्लिम पोरांना नोकरी मिळत नाही हे मी रोज पाहतो. मी त्याला एवढेच म्हणालो, की नोकरीसाठी शिकवू नकोस, गॅरेजसाठी शिकव. तुला जे उपकरण उघडता आले नाही, ते याला उघडता यावे म्हणून शिकव.

तो काही बोलला नाही. अण्णांच्या प्रकरणानंतर त्याने शेजारच्या चार गॅरेजवाल्यांना जमवले आणि पाच जणांत मिळून एक मोठा स्कॅनर घेतला. वही घातली आहे. कोणी किती वेळा वापरला ते लिहिले जाते. पुतण्या शाळा सुटल्यावर येतो आणि पडद्यावरचे इंग्रजी वाचून अर्थ सांगतो. अब्बा बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकतात. त्यांना आता कमी ऐकू येते, तरी ते विचारतात, "क्या बोलती गाडी?" तो सांगतो, तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, दादा. अब्बा मान हलवतात. पुतण्याने दहावी करायची असे ठरले आहे. पुढचे पुढे.

पण काही गाड्यांवर तो नवा स्कॅनरही थांबतो. सगळे वाचून झाले, दोष सापडला, भाग बसवला, आणि शेवटच्या पायरीवर पडद्यावर येते, परवानगी नाही. पाच गॅरेजनी पैसे घातले, पोराने इंग्रजी वाचले, बिल फाडले, नकली माल टाकला नाही. आपल्या बाजूचे काम आपण केले. आता ही शेवटची पायरी कंपनीने आणि सरकारने उघडायची आहे. ती उघडेपर्यंत हे आपण प्रत्येक ग्राहकाला, प्रत्येक नगरसेवकाला, प्रत्येक आमदाराला सांगत राहिले पाहिजे. गाडी अण्णांची आहे. तिचे पूर्ण पैसे त्यांनी मोजले आहेत. ती कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची, हे अण्णाच ठरवतील.